एवढ्या कडाक्याच्या थंडीत आदिमानव गेला कशाला, आणि तिथे टिकला कसा?

माळरान

आफ्रिकेतून निघालेला माणूस दक्षिण आशियातून पुढे ऑस्ट्रेलियापर्यंत गेला, हे समजते. हवामान थोडेफार ओळखीचे, किनाऱ्याला मासे-शिंपले, हिवाळा बेताचा. कोडे आहे ते उत्तरेचे. सैबेरियात याना नदीच्या काठी, जवळजवळ ७१ अंश उत्तर अक्षांशावर, सुमारे ३२,००० वर्षांपूर्वी माणसांची वस्ती होती. म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही बरेच वर. तिथे हिवाळ्यात दोनेक महिने सूर्य उगवत नाही, आणि आजच्या तुलनेने उबदार काळातसुद्धा जानेवारीची सरासरी उणे ३५ अंश सेल्सिअसच्या खाली असते.

यावर ठरलेले उत्तर मिळते: लोकसंख्या वाढली, दक्षिणेत जागा पुरेना, म्हणून दुबळ्या टोळ्या उत्तरेकडे ढकलल्या गेल्या. हे गळी उतरत नाही. तेव्हा आशियाच्या मध्यभागी दिवसेंदिवस चालले तरी माणूस भेटला नसता, इतकी वस्ती विरळ होती. जागेची टंचाई होती कुठे?

जाणकारांनी तीन गोष्टींवर लिहावे. ते लोक गेले का? झाडे जवळजवळ नसलेल्या मुलखात शेकोटी कशावर पेटायची? आणि कडाका वाढल्यावर परत का नाही फिरले? कपड्यांबद्दलही तपशील हवा आहे. कातडे पांघरले की झाले, एवढे ते सोपे नसावे.

गारगोटी

ढकलले जाण्याबद्दलची शंका रास्त आहे. थंड म्हणजे उजाड, हे समीकरण आधी डोक्यातून काढावे लागते. आजचा सैबेरियाचा तुंड्रा पाहून ३२,००० वर्षांपूर्वीच्या यानाची कल्पना केली की गफलत होते. आज तिथे दलदल, शेवाळ आणि खुरटी झुडपे आहेत. हिमयुगात तिथे कोरडा गवताळ माळ होता. अभ्यासक त्याला मॅमथ-स्टेप म्हणतात. तो पश्चिम युरोपपासून अलास्कापर्यंत पसरला होता.

हा माळ इतका सकस का होता, त्याची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. समुद्राचे पाणी बर्फाच्या थरांमध्ये अडकल्यामुळे समुद्रपातळी खाली गेली होती. हिमयुगाच्या परमोच्च काळात ती आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. सैबेरियाचा किनारा आणखी शेकडो किलोमीटर उत्तरेला सरकला होता. समुद्र लांब, त्यामुळे बाष्प कमी, त्यामुळे बर्फवृष्टीही कमी. स्कँडिनेव्हिया दोन-तीन किलोमीटर जाड बर्फाखाली गाडला गेला, तेव्हा ईशान्य सैबेरिया त्याहून थंड असूनही हिमनद्यांपासून बराचसा मोकळा राहिला, तो याच कोरडेपणामुळे. पातळ बर्फ खुराने उकरून घोडे आणि बायसन हिवाळाभर वाळके गवत खाऊ शकत. उन्हाळ्यात ऊन चोवीस तास. कोरडी जमीन अधिक खोलवर वितळे, गवताची मुळे खाली जात, आणि हजारो जनावरांचे शेण लगेच त्याच गवताच्या कामी येई. मॅमथ, केसाळ गेंडा, घोडा, बायसन, रेनडिअर, कस्तुरी बैल, सगळे एकाच माळावर चरत होते.

शिकाऱ्याच्या नजरेने याची तुलना विषुववृत्तीय जंगलाशी करून पाहा. तिथे सजीवसृष्टी अफाट, पण तिचा मोठा भाग लाकडात आणि उंच शेंड्यांवर अडकलेला. जमिनीवरची जनावरे लहान आणि विखुरलेली. उत्तरेच्या माळावर अन्न चार पायांवर चालत, कळपाने, ठरलेल्या ऋतूत आणि ठरलेल्या नदीच्या उतारावरून येते. त्या उतारावर दबा धरायचा.

ढोबळ हिशेब करतो. पंचवीस जणांच्या गटाला, लहान-मोठे धरून माणशी ३,००० उष्मांक, म्हणजे दिवसाला ७५,००० लागतात. शरद ऋतूतला चरबी धरलेला रेनडिअर नर साधारण ५० किलो मांस आणि १० किलो चरबी देतो असे धरू. मांसाचे साधारण ६५,००० आणि चरबीचे ९०,००० उष्मांक. म्हणजे एका नरावर गटाचे दोन दिवस निघतात. हाच नर वसंतात मारला तर चरबी जवळपास संपलेली, आणि तो एक दिवसही पुरत नाही. शरदातल्या दोन-तीन आठवड्यांत पन्नास-साठ जनावरे पाडून साठवली तर तीनएक महिन्यांची बेगमी होते. साठवण हा थंडीने दिलेला सर्वांत मोठा फायदा आहे. उष्ण प्रदेशात मांस दुसऱ्या दिवशी वास मारू लागते. इथे ऑक्टोबर ते एप्रिल अख्खा मुलूखच गोठवणीची कोठी असतो. उन्हाळ्यात कायम गोठलेल्या जमिनीपर्यंत खड्डा खणला तरी काम भागते.

आता "गेले" या क्रियापदाबद्दल. कोणी बोचकी बांधून आफ्रिकेतून आर्क्टिकला निघाले नव्हते. पश्चिम सैबेरियातील उस्त-इशिम येथे सापडलेले मांडीचे हाड सुमारे ४५,००० वर्षांपूर्वीचे आहे आणि ती जागा साधारण ५७ अंश उत्तरेला आहे. तिथून यानाच्या अक्षांशापर्यंतचे १४ अंश म्हणजे सुमारे १,५५० किलोमीटर. मध्ये १३,००० वर्षे आहेत. सरासरीने वर्षाला सव्वाशे मीटर सुद्धा होत नाहीत. प्रत्यक्षात ही चाल एकसारखी नसणार. उबदार शतकांत पुढे, कडाक्यात मागे. पण एका पिढीच्या आठवणीत हवा बदललीच नाही, एवढी ती संथ असू शकते. नातू आजोबाच्या शिकारीच्या वाटेपेक्षा एक दरी पुढे जातो, एवढेच. सैबेरियातल्या येनिसेई नदीच्या मुखाजवळ, ७२ अंशांवर, शिकारीच्या जखमा असलेला ४५,००० वर्षांपूर्वीचा मॅमथ मिळाला आहे. त्यामुळे शिकारी टोळ्या खूप आधीपासून वर जात होत्या हे नक्की. मात्र जाणे वेगळे आणि बायकामुलांसह हिवाळा काढणे वेगळे. हिवाळा काढायला कपडे, इंधन आणि चरबी या तिन्हींची सोय लागते. कपड्यांवर मृगाजिन यांनी लिहावे.

मृगाजिन

गारगोटी यांच्याशी सहमत, एक भर घालून. जनावरांमागे माणूस गेला हे खरे, पण जनावरे त्याला नुसते अन्न नव्हे तर कातडे देत होती, आणि उत्तरेत कातड्याची गरज मांसाइतकीच असते.

उघडा माणूस स्वस्थ बसला असेल तर हवा साधारण २७-२८ अंशांच्या खाली जाताच शरीराला उष्णता टिकवण्यासाठी जादा काम करावे लागते. आपण मुळात उष्ण प्रदेशाचे प्राणी. युरोपात आलेल्या सुरुवातीच्या आधुनिक मानवांचे सांगाडे मोजले तर हातापायांचे प्रमाण लांब, उष्ण प्रदेशातल्या लोकांसारखेच दिसते. शरीर आखूड आणि जाड व्हायला कितीतरी पिढ्या लागतात. त्याआधीच हे लोक हिमयुगाच्या हिवाळ्यात राहत होते, म्हणजे भार कपड्यांवर होता.

पांघरलेले कातडे आणि शिवलेला कपडा यांत फरक वाऱ्याचा. पांघरलेले कातडे शांत हवेत शून्याच्या आसपास चालते. वारा सुटला की ते खालून फुगते आणि अंगाजवळची ऊब उडून जाते. अंगाबरोबर बसणारी बाही, गळ्याशी घट्ट टोपी, कमरेला फट नाही, असे हवे असेल तर शिवण लागते, आणि बारीक शिवणीला नेढे असलेली सुई. दक्षिण सैबेरियात अशा हाडाच्या सुया सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीपासून मिळतात. पश्चिम युरोपात त्या बऱ्याच उशिरा, सुमारे २६,००० वर्षांपूर्वी येतात. यानालाही सुया मिळाल्या आहेत. (कपडे स्वतः त्याहून जुने. कपड्यात राहणारी ऊ डोक्यातल्या उवेपासून कधी वेगळी झाली यावरचे जनुकीय अंदाज ८३,००० ते १,७०,००० वर्षांपर्यंत जातात.)

सुई अशी करत. हाड किंवा हस्तिदंत घेऊन गारगोटीच्या टोकदार पात्याने दोन समांतर चऱ्या पाडायच्या, मधली काडी उचकटून काढायची, वाळूच्या दगडावर घासून गोल करायची. मागचे टोक चपटे ठेवायचे आणि दोन्ही बाजूंनी कोरत नेढे पाडायचे. एकाच बाजूने भोक पाडत गेले की दुसऱ्या बाजूला टवका उडतो. सुई बहुधा नेढ्यापाशीच मोडते, आणि मग नवे नेढे पाडून आखूड सुई वापरली जाते. जाड कातड्याला आधी आरीने भोक पाडावे लागते. भोक दोऱ्यापेक्षा मोठे झाले तर शिवणीतून वारा शिरतो.

दोरा म्हणजे रेनडिअरच्या पाठीची कंडरा. ती वाळवून नखाने तंतू सोलायचे आणि तोंडात ओले करून वळायचे. या दोऱ्याचा गुण असा की भिजला की तो फुगतो आणि टाक्याचे भोक बंद करतो. म्हणून सीलच्या कातड्याचे बूट अशा दोऱ्याने शिवले की पाणी आत येत नाही. त्यातही टाका कातड्याच्या अर्ध्या जाडीतूनच घेतात, आरपार नाही.

कातडे कोणत्या महिन्याचे, हा सगळ्यात कळीचा मुद्दा. कॅनडा-ग्रीनलंडकडच्या आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांची पद्धत नीट नोंदलेली आहे. वसंताच्या शेवटी रेनडिअरच्या पाठीतून गोमाशीसारख्या माशीच्या अळ्या बाहेर पडतात आणि कातड्याची चाळण होते. ऐन हिवाळ्यातले कातडे जड असते आणि केस झडतात. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत भोके भरून आलेली असतात आणि केस मध्यम लांबीचे असतात. कपड्याची शिकार तेव्हाच. रेनडिअरचा केस आतून पोकळ्यांनी भरलेला, त्यात हवा कोंडलेली, म्हणून तो वजनाला हलका आणि उबदार. एका मोठ्या माणसाच्या हिवाळी जोडाला पाच ते आठ कातडी लागतात. पाच माणसांच्या कुटुंबाला अंथरूण-पांघरूण वेगळे धरून सहज तीसेक. कातड्यांची वेळ हुकली की मांस कितीही असो, तो हिवाळा धोक्यात.

जोड दुहेरी असतो. आतला अंगरखा केस आत करून, बाहेरचा केस बाहेर करून. मध्ये हवेचा थर. अशा पोशाखात माणूस गोठून मरण्यापेक्षा घामाने मरण्याचा धोका अधिक. धावत शिकार केली, घाम आला, तो केसांत गोठला, आणि थांबल्यावर ऊब गेली. म्हणून कपडा सैल ठेवतात, घाम येण्याआधीच टोपी मागे टाकून गरम हवा गळ्यातून बाहेर सोडतात. घरात शिरण्यापूर्वी काठीने झोडपून केसांतले हिमकण झाडतात. बाहेरचा अंगरखा उबेत आणत नाहीत, थंड ओसरीतच ठेवतात, कारण हिम वितळून कातड्यात मुरले की दुसऱ्या दिवशी कातडे फळकुटासारखे कडक होते. टोपीच्या काठाला वुल्व्हरीन या उत्तरेतल्या केसाळ शिकारी प्राण्याची किंवा लांडग्याची लव लावतात, कारण श्वासाचा गोठलेला थर त्यावरून हाताने पुसला जातो.

हिमयुगाबाबतचा पुरावा तुकड्यातुकड्यांत आहे, पण त्याची दिशा हीच. यानाला सशांचे जवळपास अखंड सांगाडे मोठ्या संख्येने मिळाले. खाण्यासाठी मारलेल्या जनावराची हाडे अशी राहत नाहीत. ते ससे फासे लावून मुख्यतः लवेसाठी पकडले असे दिसते. रशिया-युक्रेनच्या मैदानातल्या वस्त्यांवर कोल्ह्या-लांडग्यांचे पंजे नसलेले सांगाडे मिळतात आणि पंजे वेगळे मिळतात, कारण सोललेल्या कातड्याबरोबर पंजे जातात. मॉस्कोच्या पूर्वेला सुंगीर येथे सुमारे ३४,००० वर्षांपूर्वीच्या दफनांत हस्तिदंताचे दहा हजारांवर मणी सांगाड्यांभोवती ओळींनी पडलेले आढळले. कातडे कुजून गेले, त्यावर शिवलेले मणी राहिले. त्या ओळींवरून कपड्यांची ठेवण कळते. बैकल सरोवराजवळच्या बुरेत येथल्या हस्तिदंती बाहुलीच्या अंगावर तर डोक्यापासून पायापर्यंत टोपीसह पोशाख कोरलेला आहे.

माळरान

दोघांचेही आभार. आता इंधनाचे आणि आहाराचे सांगा. भाजी-फळे नाहीत, धान्य नाही. नुसत्या मांसावर स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग) कसा झाला नाही? आणि हाडे जाळत होते असे वाचले आहे; ओल्या हाडाला आग लागते का?

उत्तरायण

हाडे जळतात, पण हाडाने आग पेटत नाही. आधी लाकडाची किंवा झुडपांच्या काटक्यांची चांगली आच हवी. ती धरली की मग हाडांतली चरबी वितळून जळू लागते. त्यासाठी हाड ताजे हवे. उन्हात पांढरे पडलेल्या हाडात जळण्यासारखे काही राहत नाही. नळीच्या मधल्या टणक भागापेक्षा सांध्याकडचे जाळीदार टोक चांगले जळते, कारण चरबी त्या जाळीत असते. हाडाची ज्वाला उंच आणि दीर्घ टिकते, उजेड आणि ऊब देते; पण त्याचा निखारा होत नाही. त्यामुळे रात्रभर आगीला राखण करावी लागते. काटक्यांत हाडे घालणे म्हणजे थोडे लाकूड पुरवून पुरवून वापरण्याची युक्ती.

डॉन नदीकाठच्या कोस्तेंकी ११ या स्थळी सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे, साडेबारा मीटर व्यासाचे मॅमथच्या हाडांचे वर्तुळ आहे. साठाहून जास्त कवट्या आणि पन्नासेक खालचे जबडे त्यात वापरलेले. तिथल्या गाळात जळकी हाडे आणि सूचिपर्णी झाडांचा कोळसा दोन्ही मिळाले. म्हणजे त्या कडाक्यातही दऱ्याखोऱ्यांत थोडी झाडे होती, आणि बहुधा ती होती म्हणूनच जागा निवडली गेली.

खरोखर झाड नसलेल्या किनाऱ्यावर उत्तर निघाले ते दिव्याचे. शंखजिऱ्यासारख्या मऊ दगडाचे उथळ, अर्धगोल पात्र, सीलची चरबी, आणि कडेने शेवाळ किंवा बोंडाच्या गवताच्या लवेची वात. चरबी आधी ठेचून घेतात म्हणजे तेल लवकर सुटते. वात सतत नीट करत राहावी लागते. उंच झाली की काजळी, बुडाली की विझते. याच दिव्यावर बर्फाचे पाणी करायचे, शिजवायचे, बूट वाळवायचे. पाणी हा खर्च लोक विसरतात: सगळीकडे बर्फ, पण पिण्याचा प्रत्येक घोट इंधन खाऊन मिळतो.

बर्फाच्या घराबद्दलही गैरसमज आहे. ते सगळ्या आर्क्टिकचे घर नव्हे. मुख्यतः कॅनडाच्या मध्य आर्क्टिकमध्ये ते हिवाळाभर वापरत. अलास्का-ग्रीनलंडकडे दगड, माती, वाहून आलेले लाकूड आणि देवमाशाची हाडे यांची अर्धवट जमिनीत खणलेली घरे होती. तत्त्व दोन्हीकडे एकच. आत यायचा बोगदा खाली, झोपायचा ओटा वर. जड थंड हवा बोगद्यात साठते, गरम हवा ओट्यापाशी राहते. बर्फाच्या घराला वर भोक ठेवावेच लागते. ते हिमाने बुजले तर दिव्याचा कार्बन मोनॉक्साइड आत कोंडतो आणि झोपलेली माणसे उठत नाहीत.

आता आहार. मांसाहारात पहिला धोका स्कर्व्हीचा नाही, चरबीच्या तुटवड्याचा आहे. माणसाचे यकृत प्रथिनांपासून ठरावीक मर्यादेपर्यंतच ऊर्जा काढू शकते. एकूण उष्मांकांत प्रथिने ३५ ते ४० टक्क्यांच्या पुढे गेली की मळमळ, जुलाब, अशक्तपणा सुरू होतो, आणि पोटभर मांस खाऊनही माणूस काही आठवड्यांत खंगतो. वसंतातले रोडके जनावर किंवा नुसते ससे खाऊन राहणाऱ्यांचे हे होते. म्हणून गारगोटी यांच्या हिशेबातले चरबीचे १० किलो मांसाच्या ५० किलोंपेक्षा मोलाचे आहेत.

उपाशी जनावराची चरबी ठरलेल्या क्रमाने संपते: आधी पाठीवरची, मग आतड्या-मूत्रपिंडांभोवतीची, शेवटी नळीतला मगज, आणि त्यातही खुरांकडच्या हाडांतला सर्वांत शेवटी. त्यामुळे एखाद्या वस्तीवर बोटांची हाडे आणि खालचे जबडे फोडलेले सापडले, तर तिथे तंगीचे दिवस होते हे ओळखता येते. सुकाळात त्या हाडांच्या वाटेला कोणी जात नाही. जाळीदार टोकांतली चरबी काढायची तर ती ठेचून पाण्यात घालायची, तापलेले दगड सोडून पाणी उकळत ठेवायचे, आणि थंड झाल्यावर वर आलेली साय काढायची. कष्ट भरपूर, इंधनही भरपूर. मगज, साय आणि शेकोटी ही तिन्ही एकाच हाडावर हक्क सांगतात. चरबी खायची की जाळायची, हा तिथला रोजचा सवाल.

स्कर्व्ही टाळायला रोज साधारण १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरते. ते कच्च्या किंवा अर्धवट शिजवलेल्या यकृतात, मेंदूत आणि देवमाशाच्या कातडीत मिळते. जास्त शिजवले की नष्ट होते. आर्क्टिकमध्ये स्कर्व्हीने मेले ते खारवलेल्या मांसावर आणि बिस्किटांवर राहिलेले युरोपीय खलाशी. ड जीवनसत्त्व मासे आणि समुद्री प्राण्यांच्या चरबीतून. एक पथ्य मात्र कडक आहे: पांढऱ्या अस्वलाचे यकृत खायचे नाही. त्यात अ जीवनसत्त्व विषारी प्रमाणात असते.

चंद्रमौळी

आपल्याकडे हा विषय निघाला की वैदिक आर्यांचे मूळ घर आर्क्टिकमध्ये होते, या लोकमान्य टिळकांच्या १९०३ सालच्या सिद्धांताचा उल्लेख होतोच. वरच्या पुराव्याशी त्याचा मेळ कसा घालावा?

गारगोटी

कालक्रमच जुळत नाही. टिळकांनी त्यांच्या काळच्या भूशास्त्राच्या आधारे मांडले की आर्क्टिक आधी सौम्य हवेचे होते आणि इ. स. पू. १०,००० ते ८,००० च्या सुमारास शेवटच्या हिमयुगाने ते गृह नष्ट केले. आज हिमगाभ्यांवरून, म्हणजे जुन्या बर्फात खोल छिद्र पाडून काढलेल्या नळकांड्यांवरून, काळ बराच काटेकोर कळतो. शेवटचे हिमयुग सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी संपले, म्हणजे त्यांनी सांगितलेल्या काळात उत्तर गोठत नव्हती, तापत होती. त्याआधीचा उबदार कालखंड सुमारे १,२९,००० ते १,१६,००० वर्षांपूर्वीचा. यानाची माणसे ऐन हिमयुगातली. वैदिक भाषेचा किंवा घोडा-रथाच्या संस्कृतीचा धागाही त्या वस्त्यांशी जोडता येत नाही. हाताशी असलेल्या साधनांवर त्यांनी केलेली मेहनत मोठी होती, साधने बदलली.

"परत का फिरले नाहीत" याचे उत्तर मात्र राहिले आहे. खरे तर अनेकदा फिरले. सुमारे २६,५०० ते १९,००० वर्षांपूर्वी हिमयुग कळसाला होते, तेव्हा अतिउत्तर सैबेरियातल्या वस्तीच्या खुणा फार विरळ होतात. यानाच्या दोन मुलांच्या दुधाच्या दातांतून काढलेला डीएनए २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ते लोक आजच्या सैबेरियातल्या लोकांचे थेट पूर्वज नाहीत. नंतर दक्षिणेकडून आलेल्यांनी त्यांची जागा बव्हंशी घेतली. बैकलजवळच्या माल्टा येथल्या २४,००० वर्षांपूर्वीच्या मुलाचा वंश यानाशी जवळचा, आणि त्याच शाखेचा मोठा वाटा पुढे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत गेला. तेव्हा "एकदा गेले आणि राहिले" असे चित्र नाही. भरती-ओहोटी आहे.

त्याच डीएनएमधून आणखी एक गोष्ट कळते. ती दोन मुले एकमेकांची जवळची नातलग नव्हती आणि त्यांच्यात जवळच्या नात्यातल्या लग्नांच्या खुणा नाहीत. त्यांच्या समूहात प्रजननक्षम माणसे साधारण ५०० असावीत असा अंदाज निघतो. पंचवीस-पन्नास जणांचा गट एकटा टिकूच शकत नाही. एका वाईट हिवाळ्यात दोन शिकारी गेले की संपला. सोयरिकी, सुया-दगडांची देवघेव, कोणत्या उतारावर यंदा कळप आला याची बातमी, हे जाळे शेकडो किलोमीटर पसरलेले असेल तरच हिवाळा काढता येतो. असे जाळे आणि त्या मुलखाचे ज्ञान हाती असलेल्या माणसाला दक्षिणेत जाणे म्हणजे सगळे नव्याने शिकणे, तेही दुसऱ्यांच्या शिकारीच्या हद्दीत.

वल्हे

संथ सरकण्याच्या चित्राला एक अपवाद नोंदवतो, कारण तो "का गेले" याचे वेगळे उत्तर देतो. आजच्या इन्युइटांचे पूर्वज, ज्यांना थूल म्हणतात, ते अलास्कातून निघून तेराव्या शतकाच्या आसपास थेट ग्रीनलंडपर्यंत पोचले. हजारो किलोमीटर, काही पिढ्यांत. इथे वर्षाला सव्वाशे मीटरचा हिशेब लागू नाही. त्यांच्याकडे कुत्र्यांच्या घसरगाड्या होत्या, कातड्याच्या मोठ्या होड्या होत्या, आणि दोरीला हवेने फुगवलेले सीलचे कातडे बांधलेले भाले होते. भाला लागला की देवमासा बुडी मारतो. ते फुगे त्याला दमवतात आणि पुन्हा कुठे वर येईल ते दाखवतात. आर्क्टिकचा मोठा देवमासा पंधरा-अठरा मीटरचा. एक मिळाला की अन्न, दिव्याचे तेल आणि घराचे वासे, सगळे भागते. शिवाय वायव्य ग्रीनलंडमध्ये केप यॉर्कच्या उल्केचे लोखंड होते, ते थंडच ठोकून पाती करता येत. लोखंडाच्या ओढीनेच ते पूर्वेला इतक्या घाईने गेले, असे मानणारे अभ्यासक आहेत, आणि मला तो तर्क जोरकस वाटतो.

शेजारीच उलट उदाहरण आहे. नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियन वंशाचे लोक ९८५ च्या सुमारास ग्रीनलंडच्या दक्षिणेत आले, गाई-मेंढ्या घेऊन. सीलचे मांस ते वाढत्या प्रमाणात खाऊ लागले, पण बर्फातल्या श्वासाच्या भोकाशी तासन्‌तास थांबून हिवाळ्यात सील मारण्याचे तंत्र त्यांनी उचलले नाही, कपडे लोकरीचेच राहिले. त्यांच्याबद्दलची शेवटची लेखी नोंद १४०८ मधल्या एका लग्नाची आहे. हवा थंडावली, युरोपात त्यांच्या वॉलरसच्या दातांना गिऱ्हाईक घटले, आणि पंधराव्या शतकात वस्ती उठली. त्याच काळात थूल दक्षिणेकडे पसरत होते.

माळरान

एक शेवटचे. एवढ्या थंडीत तान्ही मुले कशी वाचवत?

मृगाजिन

इन्युइट पद्धत सांगतो, कारण तिची नोंद आहे. तान्हे मूल वेगळ्या कपड्यात नसतेच. आईच्या अंगरख्याच्या पाठीत मोठी खोळ असते, त्यात ते जवळजवळ उघडे, आईच्या पाठीला चिकटून बसते. खाली घसरू नये म्हणून कमरेवर बाहेरून पट्टा बांधतात. अंगरख्याचे खांदे मुद्दाम ऐसपैस ठेवतात, म्हणजे मूल आतल्या आत पुढे आणून पाजता येते, बाहेर काढावे लागत नाही. खाली वाळलेले शेवाळ घालतात आणि ओले झाले की लगेच बदलतात. ओल राहिली तर आई आणि मूल दोघांचीही ऊब जाते.

चालू लागलेल्या मुलाला रेनडिअरच्या पाडसाचे कातडे, कारण ते मऊ आणि हलके. सदरा-विजार वेगळी नसते, टोपीसह एकसंध शिवतात. खेळताना कमरेत फट पडत नाही. मूल दरवर्षी वाढते, म्हणून हा जोड दर शरदात नवा लागतो, आणि पाडसांची कातडी शिकारीच्या हिशेबात आधीच धरावी लागतात.